वाटेत कुठे थांबता

आमच्या घरी पुस्तकं येतात ती माझ्यामुळे, आणि बहुधा पिशवीच्या तळाशी, भाजीखाली लपून. त्या दिवशी मात्र ती भरदुपारी, उघड उघड, ऑटोने आली. पुष्पलताने, म्हणजे माझ्या पत्नीने, त्यांच्यासाठी चक्क दिवाण रिकामा करून दिला. क्षणभर मला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात बसलो आहोत.

पुस्तकं ऋतुजाची होती. ऋतुजा माझ्या धाकट्या भावाची नात, उमरेडची. आमच्या घराण्यात माग चालवणारे पुष्कळ झाले. माग सुटले तसे कुणी एसटीत लागले, कुणी कोळशाच्या खाणीत. मी नागपुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासत आयुष्य काढलं. डॉक्टर ही पहिलीच. एमबीबीएस झाली, मग मेडिसिन विषय घेऊन एमडीला लागली, आणि शेवटी लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवून प्रात्यक्षिकात नापास झाली. आता पुन्हा परीक्षा द्यायची होती. उमरेडच्या एका दवाखान्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण ती या निकालापर्यंतच. हॉस्टेलवर गोंगाट फार, म्हणून परीक्षा होईपर्यंत ती आमच्याकडे राहायला आली.

"पेशंट समोर होता, आबाजी," ती म्हणाली, "अन् मले सगळं येत होतं. तरी नापास केलं. म्हणजे माझं वाचनच कमी पडलं. दुसरं काय?"

दिवाणावर दोन खंडांचा एक ग्रंथ होता. त्याचा एकेक खंड उशाला घेता येईल एवढा. रोगी कसा तपासावा हे सांगणारं एक सडपातळ पुस्तक होतं. सिनियर मुलांच्या नोट्सची झेरॉक्स होती. टॅबलेटमध्ये व्हिडिओ लेक्चरं होती, आणि मोबाईलमध्ये प्रश्न विचारणारं एक ॲप, जे उत्तर चुकलं की लाल होऊन थरथरायचं.

"एवढं सगळं वाचून होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर पुस्तकं वाचली. यातलं एक निवडून द्या. बाकीच्याकडे मी पाहतसुद्धा नाही."

मला आजवर कुणी काही निवडायला सांगितलेलं नव्हतं. घरातली भाजी, मुलांची स्थळं, माझे शर्ट, सगळं पुष्पलता निवडते, आणि चांगलं निवडते. मी म्हणणार होतो की मला यातलं काही कळत नाही, दुसऱ्या कुणाला विचार. पण माझी मान तोवर हलून गेली होती.

माझ्या मानेबद्दल सांगायला हवं. ती आपोआप हलते. अगदी थोडी, एका तालात, आणि होकारासारखी. या मानेमुळे मी न मागता दोन वाचनालयांचा सभासद झालो आणि एकदा सोसायटीचा सचिव. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. अधूनमधून मी हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो. ते विचारतात, "दम लागतो का?" मी म्हणतो, "नाही." ते म्हणतात, "मग चालू द्या." मानेचा आणि झडपेचा काही संबंध असेल, हे मात्र ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. डॉक्टरांना उगाच काय त्रास द्यायचा.

मी कामाला लागलो. नोट्स पहिल्याच सकाळी बाद केल्या. अशुद्ध लिखाण मला पुढे जाऊच देत नाही. व्हिडिओतले सर हुशार होते, पण ते सारखे माझ्याकडे बघून बोलत. मला अवघडल्यासारखं होऊन मी टॅबलेट पालथा घातला. ॲप थरथरलं तेव्हा मी त्याला "माफ करा" म्हणालो. हे पुष्पलताने ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीलाही कळलं. उरला ग्रंथ. शेजारी इंग्रजी शब्दकोश घेऊन मी तो उघडला, आणि दुसऱ्या खंडात, हृदयाच्या प्रकरणात, मला मी भेटलो.

तिथे माझी झडप होती. रक्त पुढे जातं आणि थोडं मागे गळतं, म्हणून नाडी उसळते, गळ्याच्या शिरा उडतात, नखांखालचा रंगसुद्धा ठोक्याबरोबर येतो-जातो. आणि पुढे साध्या अक्षरांत लिहिलं होतं की अशा रोग्याची मान प्रत्येक ठोक्याला किंचित हलते.

मी उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो. जन्मभर दुसऱ्यांची नावं छापून येताना पाहिली. आज मी स्वतः छापून आलो होतो, नाव नसलं म्हणून काय झालं. आरशासमोर जाऊन मान पाहिली, नखं पाहिली. सगळं पुस्तकाबरहुकूम. एकही चूक नाही. मी ते पान पुष्पलताला वाचून दाखवलं.

ती तांदूळ निवडत होती. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मले हो म्हणतच नव्हते?"

"मीही म्हणत होतो. मानही म्हणत होती."

"कोण कवा म्हणत होतं ते सांगाचं तरी होतं. मी लुगडी घेतली त्या मानेच्या भरवशावर."

ऋतुजा पुढच्या खोलीतून धावत आली. तिने माझ्याकडे पाहिलं ते असं की, जणू आपली अजून ओळख करून घ्यायची राहिली आहे. घरच्या माणसाला कोण तपासतं? तिने माझं मनगट धरलं, हात वर उचलला, उसळती नाडी बोटांना लागली, आणि तिचा चेहरा उजळला. मग स्टेथोस्कोप आणला. "बसून पुढे वाका. श्वास सोडा. धरून ठेवा." पुढे वाकून बसायचं मला शिकवावं लागत नाही, माझी नोकरीच तशी होती. तिने बराच वेळ ऐकलं. रक्त मागे गळताना होणाऱ्या आवाजाला डॉक्टर लोक मर्मर म्हणतात. मग तिने प्रज्वलला फोन लावला. प्रज्वल तिच्याबरोबरच परीक्षेला बसणारा मुलगा.

"लवकर ये," ती म्हणाली. "वॉर्डात पेशंट कायले शोधून राहिला? घरीच आहे."

प्रज्वल गरम आलूबोंडे घेऊन आला. आधी माझं हृदय ऐकलं, मग आलूबोंडे खाल्ले, मग पुन्हा ऐकलं. "आबाजी, तुम्ही खजिना आहात," तो म्हणाला. मला कुणी काही म्हटलं की मी खाली बघतो. त्या दिवशी मी छताकडे बघितलं.

मग रोज दुपारी आमच्या दिवाणावर परीक्षा भरू लागली. प्रात्यक्षिकात रोग्याशी बोलून त्याची हकीकत काढायची, त्याला तपासायचं आणि मग परीक्षकांपुढे सगळं मांडायचं असतं. ऋतुजा विचारायची, मी सांगायचो, प्रज्वल परीक्षक होऊन चष्म्यावरून बघायचा. त्याला चष्मा नव्हता; तो माझा घ्यायचा, आणि मग मला ऋतुजा दिसायची नाही. पुष्पलता म्हणायची, "या वयात दोघं डॉक्टर अन् घरी यायचा एक पैसा घेत नाहीत. असा आजार सगळ्यांना होवो."

आणि इथे मी गडबड केली. उत्साह माझ्या प्रकृतीला सोसत नाही.

मला वाटू लागलं, पुस्तकात जे आहे ते माझ्यात उणं पडू नये. पोर एवढी मेहनत करते आणि आपण अर्धवट रोगी, हे बरं नाही. ऋतुजाने विचारलं, "छातीत धडधड होते?" मी पुस्तकातलं आठवून म्हणालो, "होते. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त." तिने विचारलं, "दम?" मी म्हणालो, "आधी फार श्रमांनंतर, मग थोड्या श्रमांनी, आणि आता रात्री उशा वाढवाव्या लागतात." ती भराभर लिहून घ्यायची, एकेक मुद्दा जागेवर बसायचा, आणि शेवटी आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. एकदा ती एक प्रश्न विसरली तर मीच खाकरून म्हणालो, "पायांवर सूज?" मला अपार आनंद होत होता. निर्णयही झाला होता: निवडायचा तो हाच ग्रंथ. तो माझ्याबद्दल चांगलं बोलत होता.

परीक्षा जवळ आली तशी प्रज्वलने सत्यवती मॅडमना आणलं. मॅडम म्हणजे मेडिसिनच्या निवृत्त प्राध्यापक, केस पांढरे, आवाज हळू. त्यांच्यासमोर खरी वाटावी अशी तालीम व्हायची होती. मी इस्त्रीचा सदरा घातला होता.

ऋतुजाने हकीकत घेतली. मी सांगितली. तिने मांडली. कुठे अडखळली नाही. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"काय बाबाजी, झोपता कसे तुम्ही?"

"डाव्या कुशीवर झोपलं की धडधड—"

"ते ऐकलं. झोपता कसे?"

आतून पुष्पलता म्हणाली, "पालथे झोपतात, मॅडम. तोंडाखाली पुस्तक."

"अन् उशा किती घेता?"

"एक," पुष्पलताच म्हणाली. "तीबी नाही म्हणा. पुस्तकच उशाले असते."

माझी मान हलत होती, आणि यावेळी ती खरोखर कबुली देत होती. मॅडमनी विचारलं, "कोणतं पुस्तक वाचून राहिले, बाबाजी?"

"दुसरा खंड," मी म्हणालो.

त्या हसायला लागल्या. हसताना त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला. मग प्रज्वल हसला, पुष्पलता दारात येऊन हसली, आणि मी कुठे बघावं हे न कळून झडपेवर हात ठेवून बसलो. फक्त ऋतुजा हसली नाही.

"पोरी," मॅडम तिला म्हणाल्या, "गेल्या वेळेलेही असंच झालं ना? पेशंट काही सांगत होता, अन् तू पुस्तकात होतं ते ऐकत होतीस. आज तर सोपं झालं. पुस्तकच बोलून राहिलं होतं." जाताना त्या म्हणाल्या, "पुस्तक कोणतंही घे, सगळी चांगली आहेत. पण ज्याने पुस्तक वाचलं नाही असा माणूस शोध. हा तर बिघडला."

हा म्हणजे मी.

त्या संध्याकाळी मी ग्रंथाला कागदाचं वेष्टन घातलं, की पुन्हा उघडायचा मोह नको. जे चांगलं चाललं होतं त्यात मी हात घातला आणि घोटाळा केला. ऋतुजा मात्र मला काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, "पेशंटशी कसं बोलावं यावर एक पुस्तक आहे म्हणते प्रज्वल. बर्डीले मिळेल. हे शेवटचं. चला माझ्यासोबत."

संध्याकाळी मेट्रोने आम्ही सीताबर्डीला उतरलो. तिथून पुस्तकांचं दुकान लांब नाही, पण फुटपाथवर कपडे, बेल्ट, चार्जर, गॉगल, आणि त्यांच्यामधून वाट. ऋतुजा तरातरा पुढे निघाली. मी एका शर्टांच्या दुकानाशी थांबलो. बाहेर भावाची पाटी होती, ती वाचली. पुढे घड्याळ दुरुस्तीवाल्याचा जुना बोर्ड होता, अक्षरं छान वळणाची, तोही वाचला. मग मोबाईलच्या कव्हरांची एक गाडी लागली. हल्ली कव्हरांवरही मजकूर असतो. 'भाऊचा नाद नाही करायचा.' 'आईचा लाडका.' 'कर्ज मागू नये.' मी ओळीने वाचत होतो.

ऋतुजा परत आली. "आबाजी, दुकान बंद होईल ना. तुमच्याजवळ मोबाईल तरी कोणता आहे?"

"बटणांचा."

"मग कव्हर काहून वाचून राहिले?"

"छापलेलं दिसलं की," मी म्हणालो, आणि थांबलो, "मला राहवत नाही."

एवढंसं वाक्य मी दोन तुकड्यांत का म्हटलं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि मग मलाही दिसलं. तिने माझं मनगट धरलं, पण नाडीकडे लक्ष न देता ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"इथं नेहमी थांबता?"

"इथे कव्हरं असतात ना."

"गेल्या वर्षी थांबत होते?"

मी विचार केला. खरा विचार केला, पुस्तकातला नाही. "नाही. गेल्या वर्षी फक्त त्या घड्याळवाल्यापाशी थांबायचो. त्याच्या आधी सरळ दुकानापर्यंत जायचो. तेव्हा पुस्तकांची घाई असायची. आता वाटेतच वाचण्यासारखं पुष्कळ निघतं."

"अन् आपल्या जिन्यात?"

"मधे वीजबिलाची पेटी आहे. तिच्यावरची सूचना..."

"वाचता."

"चांगली लिहिली आहे."

ऋतुजा हसायला लागली. ती भर बर्डीत, मोबाईलच्या कव्हरांपुढे, माझा हात धरून हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. कव्हरवाला म्हणाला, "ताई, घेऊन टाका ना एक." तिने खरंच एक घेतलं, 'भाऊचा नाद नाही करायचा' हे, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"आबाजी, हे पुस्तकात नाही," ती म्हणाली. "दम लागतो का विचारलं तर तुम्ही नाही म्हणता, अन् खोटंही बोलत नाही. वाटेत कुठे थांबता, हे विचारायचं होतं. कोणीच नाही विचारलं. मीपण नाही."

"म्हणजे मी वाचत नव्हतो?" मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं. सगळं आयुष्य मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो, की हा माणूस दुसऱ्या कशाचा नसेल, पण वाचणारा आहे. आता तेही झडपेचंच निघत होतं.

"वाचत होते ना. पण आता तेवढ्यासाठी नाही थांबायचं. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

आम्ही पुस्तक न घेता घरी आलो. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि पुष्पलताने काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "दम लागतो का?" मी तोंड उघडायच्या आत ऋतुजाने त्यांना कव्हरवाला, घड्याळवाला आणि वीजबिलाची पेटी सांगितली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तपासण्या केल्या आणि झडप बदलायची तारीख दिली. ती तिच्या परीक्षेनंतर लगेचची होती. मी घाबरलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, थोडा मिरवतही होतो.

त्यानंतर ऋतुजाने सगळी पुस्तकं बंद केली असं नाही. सडपातळ पुस्तक तिने ठेवलं. बाकीच्यांना मी वेष्टनं घातली. पण रोज संध्याकाळी ती आणि प्रज्वल गल्लीत फिरायला जायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, पहिले काय करत होता, आता काय सोडलं, वाटेत कुठे बसता. गल्ली खूश झाली. इतक्या प्रेमाने कुणी कुणाची चौकशी करत नाही. एका आजोबांनी आपलं सगळं आयुष्य सांगितलं. प्रज्वल जेवायला रात्री उशिरा आला.

परीक्षेच्या दिवशी मला बोलावलं असतं तर मी गेलो असतो. बोलावलं नाही, मी बिघडलेला. मी घरी बसून मोबाईलचं कव्हर वाचत होतो. ऋतुजा आली तेव्हा तिच्या पायांत चप्पल एकच होती, दुसरी हातात, तुटलेली. पायरीवर बसूनच तिने सांगितलं.

"म्हातारी होती, आबाजी. पाटणसावंगीकडची. दम लागतो का विचारलं तर म्हणे, नाही बाई, मले काही होत नाही, पोरगं घेऊन आलं. मी विचारलं, दळण आणायले जाता तर वाटेत कुठे बसता. तर म्हणे, आता शामलाच्या ओट्यावर बसते, मग पोळी विकणारीच्या इथं बसते. मी म्हटलं, पहिले बसत होता? तर म्हणे, पहिले कोण बसे, पहिले मी डोक्यावर डबा घेऊन पळत जाऊ. आता साऱ्यांची खबरबात घेत जाते."

"मग?" पुष्पलता म्हणाली.

"परीक्षक म्हणाले, पेशंट दम नाही म्हणते, तुम्ही आहे म्हणता, कशावरून? मी म्हटलं, सर, त्यांना दम लागत नाही, त्यांच्या मैत्रिणी वाढल्या आहेत. एक सर लिहायचे थांबले. दुसरे हसले. मग म्हणाले, हं, पुढे सांगा."

"अन् पुढे?"

"पुढे आलं. सगळं आलं. मले येतच होतं ना, आजी."

निकाल लागला तेव्हा मी दवाखान्यात होतो, नव्या झडपेसह. ऋतुजा पास झाली हे प्रज्वलने येऊन सांगितलं; तोही झाला होता. त्याने सवयीने स्टेथोस्कोप काढून माझ्या छातीला लावला, आणि त्याचा चेहरा पडला. "गेला, आबाजी. काहीच नाही येऊन राहिलं." शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं माझंच काही बरंवाईट झालं. गेला तो फक्त मर्मर, हे त्याला समजावता समजावता नर्सची दमछाक झाली.

मानही थांबली. घरी आल्यावर पुष्पलताने नव्या पडद्यांचं विचारलं, मग माझ्याकडे बघत राहिली. "आता हो म्हणायचं असल तर तोंडानं म्हणा," ती म्हणाली. मी म्हणालो. ती म्हणाली, "मानेचंच बरं होतं, लवकर व्हायचं."

उमरेडला रुजू व्हायच्या आधी ऋतुजा एकदा आली. हॉस्टेलच्या खालच्या वर्षाच्या मुली तिला विचारत होत्या, ताई, कोणतं पुस्तक घेऊ. तिने तो ग्रंथ, ती झेरॉक्स, सगळं त्यांना देऊन टाकलं होतं, आणि वर सांगितलं होतं, एक म्हातारा शोधा अन् त्याच्यासोबत बर्डीत पायी फिरा. मुलींना वाटलं ती थट्टा करते.

आम्ही बर्डीला गेलो. मी मेट्रोतून उतरलो आणि चालू लागलो. शर्टांचं दुकान गेलं, घड्याळवाला गेला, कव्हरांची गाडी गेली, आणि मी पुस्तकांच्या दुकानासमोर उभा होतो, दम न लागता. ऋतुजा मागून पळत आली, तीच धापा टाकत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आत कुठेतरी खट्टू वाटलं. म्हणजे खरंच ते सगळं झडपेपायीच होतं. मी वाचणारा वगैरे काही नव्हतोच.

पुस्तक घेऊन परत येताना कव्हरांची गाडी पुन्हा लागली. नवा माल आला होता. मी पुढे गेलो, चार पावलं चाललो, आणि परत फिरलो.

ऋतुजाची बोटं लगेच माझ्या मनगटावर आली. "आबाजी, दम?"

"नाही गं," मी म्हणालो, एका श्वासात. "थांब जरा, वाचू दे."

तिने मनगट सोडलं नाही. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.